चिंचवडच्या शिंप्याची खंडेनवमी

कोटाचा खांदा बसवावा तर रंगराव शिंप्यानं, असं चिंचवडात बोललं जायचं. रंगरावही मिशीला पीळ देत ते ऐकून घ्यायचा. आता त्या खांद्यात त्याचा वाटा किती, हे त्याची बायको शालनबाई ओळखून होती. मशीन मारली की हा गडी पारावर गप्पा हाणायला मोकळा. कोटाच्या शिवणी दाबून सपाट बसवायच्या कुणी? शालनबाईनं.

त्यासाठी लागणारं सगळं तिनं घरच्या घरीच जमवलं होतं. मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या लाकडाचा ठोकळा घासून गुळगुळीत केला होता. बाहीची शिवण उलगडायला लाटण्यावर घोंगडी गुंडाळून शिवली होती. चिंध्या नि भुसा ठासून भोपळ्याएवढी उशी केली होती, तिच्यावर खांद्याची गोलाई बसायची. ओलं फडकं टाकून वरून निखाऱ्यांचा तांब्या फिरवायचा आणि वाफ निघाली की शिवण निवेपर्यंत ठोकळा दाबून धरायचा. गोधडीची जाडजूड शिवणसुद्धा तिच्या हाताखाली पापडासारखी सपाट व्हायची. दुकानातल्या लोखंडी इस्त्रीचं काम काय, तर शेवटी वरून एक हात फिरवायचा आणि सगळं श्रेय घ्यायचं. धन्यासारखीच होती ती.

खंडेनवमीला रंगरावानं पाट मांडला. मशीन पुसून त्याच्या शेजारी घेतली, पाटावर कात्री, मापाचा गज आणि इस्त्री ठेवली, झेंडूची फुलं वाहिली. शालनबाईनं आपला ठोकळा, लाटणं नि उशी आणून शेजारी ठेवली, तर या शहाण्यानं ती पायानं बाजूला सारली. पायानं!

"चुलीपुढचं लचांड देवापुढं नको," तो म्हणाला. "हत्यार कशाला म्हणत्यात, कळतं का तुला?"

ओट्यावर बसलेले चार टवाळ फिदीफिदी हसले. शालनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मर मर मरून आपण काय केलं, तर लचांड गोळा केलं! तिनं सगळं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

दुपारी कोंडाजी मुकादम आला. पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं त्याची माणसं कामाला होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळीच तिथं यंत्रांची पूजा होती आणि साहेबानं त्याला बोलावलं होतं. त्यासाठी शिवलेला लोकरी कोट रंगरावानं वायद्यावर वायदे करून कसाबसा आदल्या रात्री मशीनवरून उतरवला होता. शिवणी बसवायच्या राहूनच गेल्या होत्या. कोंडाजीनं कोट अंगात घातला, तर पाठीची शिवण भाकरीसारखी फुगलेली आणि खांदे कानाशी. टवाळांना हसायला दुसरा विषय मिळाला.

इस्त्री पूजेत बसलेली. दसऱ्याचं सोनं लुटल्याशिवाय पुजलेलं हत्यार उचलायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. रंगराव घामाघूम झाला. मग त्याला चुलीपुढचं लचांड आठवलं. आत येऊन लाडीगोडी लावत त्यानं ठोकळा मागितला. शालनबाईनं भाजी चिरता चिरता, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की साहेबापुढं जाणाऱ्या कोटाला लचांड कसं चालेल? तो गयावया करू लागला, मग चिडला, मग पुन्हा गयावया. बाहेरून कोंडाजीनं हाक मारली, तसा रंगराव उंबऱ्यातच थांबला. समोर गिऱ्हाईक, ओट्यावर टवाळ.

"हत्यारंच हायत ती," तो म्हणाला. "त्यांच्यावरच माझ्या कोटाचा खांदा बसतो. तूच बसवतीस. झालं? आता दे."

शालनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ऐकायला ती जन्मभर थांबली होती. तिनं हात पुसले, ठोकळा, लाटणं नि उशी घेऊन बाहेर आली आणि तिन्ही वस्तू पाटावर इस्त्रीच्या शेजारी मांडल्या. प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.

कोंडाजीनं कोट उतरवला आणि पाटाला हात जोडले. रंगराव ठोकळा उचलायला वाकला.

"अवो, हत्यारं हायत ना?" शालनबाई म्हणाली. "मग आज कशी उचलायची?"