कशिशचं जेल आणि माझी ऊब

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. राजारामपुरीतल्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात उभा असतो. माझ्या पोटात हल्ली फडकी आणि रद्दी ठेवतात. पण एके काळी इथे जिवंत पेशी वाढायच्या. माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब मी त्यांना द्यायचो. मला वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आणलं त्या दिवशी अनुजा मॅडमनी माझ्यापुढे नारळ फोडला होता.

मॅडमच्या हाताखाली कशिश संशोधन करायची. तिचे वडील हुसेनभाई शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजली आणि त्यांचं मैदान सुटलं. मग कॉलेजसमोर ते चहाची गाडी लावू लागले. झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही, म्हणून कशिश एक मऊ जेल बनवत होती. प्रथिनांचे बारीक तुकडे खारट पाण्यात पडले की आपले आपणच एकमेकांना धरायचे, त्यांचे धागे व्हायचे आणि पाणी खरवसासारखं थरथरत घट्ट व्हायचं. वेलाला मांडव लागतो ना, तसा नवी कूर्चा बनवणाऱ्या पेशींना हा आधार. पण कधी जेल फुटायचं, कधी पेशी मरायच्या. कशिश माझ्या दाराला कपाळ टेकून उभी राहायची.

शेवटी एक जेल टिकलं, आणि त्याच आठवड्यात पंचगंगेला महापूर आला. वीज गेली. जनरेटरचं डिझेलही संपलं. मी गार पडू लागलो. मित्रांनो, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात जिन्यात पाय ओढल्याचा आवाज आला. हुसेनभाई दोन्ही हातांत गरम पाण्याच्या किटल्या घेऊन उभे!

"अब्बा, जिना कशाला चढलात? गुडघा..."

"चढलो की! बाटल्या भर आदी. गार व्हायलंय ते."

कोमट बाटल्या माझ्या पोटात ठेवून दोघांनी मला घोंगडं गुंडाळलं. वीज येईपर्यंत हुसेनभाई जिना चढत-उतरत राहिले.

पेशी जगल्या. कशिशनं अब्बांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. जेलच्या धाग्यांना धरून पेशी पसरल्या होत्या.

"ह्ये माझ्या गुडघ्यात कवा घालणार?"

कशिशची मान खाली गेली. "अजून लई वर्षं लागतील, अब्बा. तुमच्यापत्तूर पोचंल का, सांगता येत न्हाई."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. "मग काय झालं? दुसऱ्या कुणाचं तरी मैदान सुटणार न्हाई की!"

पुढे कशिश परगावी शिकायला गेली. माझ्या दाराचं ऊब अडवणारं रबर कडक झालं, ते बदलायला कुणाला सवड मिळाली नाही, आणि मी बाहेर आलो. मित्रांनो, एखादं जुनं यंत्र कुरकुरू लागलं तर लगेच बाहेर काढू नका. आधी पुसा, दुरुस्त करून बघा. अजून कुणीतरी त्याच्या भरवशावर जगणार असतं.