बोडीतली ज्योत

दिवेलागण झाली की नव्या बोडीच्या पाळीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. ज्योतबाबा तळ्याच्या काठावर उभे राहत, लांब बांबू गाळात खुपसत आणि “ये माय, ये!” म्हणत ढवळू लागत. पाण्यावर बुडबुडे फुटत. बाबा पेटता टेंभा पुढे करत, की भप्पकन निळी ज्योत पाण्यावर नाचे. बायाबापड्या लोटांगण घालत.

“पान्याले आग कोनं लावली?” बाबा विचारत.

“मातामायनं!” गर्दी गरजे.

“आन हा वास कायचा?”

वास असा, की म्हशीसुद्धा पाण्याला तोंड न लावता परतत.

“तुमच्या पापाचा! माय पाप खेचून राह्यली, म्हनून सुटून राह्यला!”

लोक आणखी खोल श्वास घेत आणि तीर्थाच्या बाटल्या भरून घरी नेत.

गावाची चूक साधीच होती. या मुलखात पाळ घालून अडवलेलं पाणी म्हणजे भाताची बोडी, आणि नव्या बोडीचं पाणी गावदेवी मातामायला वाहून घोटभर प्यायचं, ही गावची रीत. नगरपालिकेनं गेल्या वर्षी, पंच्याऐंशी साली, हे तळं खोदलं. नारळ फोडला, पेढे वाटले. कशासाठी खोदलं, एवढंच सांगायचं राहिलं.

इकडे दवाखान्यात कमळा सिस्टर हगवणीच्या रोग्यांनी हैराण झाली होती. त्यात एका सांजेला सुकरी आली. तिच्या कडेवर दोन वर्षांचा बिरजू होता. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, रडायचंही त्राण नाही. हातात तीर्थाची बाटली.

“हे नोको पाजू, बाई. उकळून थंड केलेल्या पान्यात मीठ-साखर टाकून पाज.”

“बाबा म्हन्ते, दवापानी केलं त माय कोपते,” म्हणून सुकरी पोराला घेऊन तश्शीच बोडीकडे निघाली.

दवाखान्याच्या मागून जमिनीखाली गेलेला नळ कुठं उतरतो, ते कमळाला ठाऊक होतं. ती सुकरीच्या मागून धावली. पाळीवर बाबांचा बांबू पडलाच होता, तो तिनं उचलला.

“शिवू नोको!” बाबा कडाडले. “तू बुद्धाची दीक्षा घेतलेल्या घरची. तुह्या हातानं माय पेटनार नाई!”

कमळानं गाळ ढवळला आणि पाळीवर रोवलेला टेंभा उपटून पुढे केला. भप्प! बाबांच्या ज्योतीहून हातभर उंच ज्योत उठली.

नगराध्यक्ष गुणवंतराव पुढच्या रांगेत हात जोडून बसले होते. कमळा त्यांच्याकडे वळली. “गुणवंतरावभाऊ, तुमच्या अंगनात गोबर गॅस हाय ना? तो कायचा बनते?”

“शेनाचा. सडलं का गॅस होते.”

“आन तुमच्या घरच्या नव्या संडासाचं पानी कुठी जाते?”

गुणवंतराव खोकले. त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला. “इथी...” ते पुटपुटले.

“जोरानं सांगा!”

“इथीच! साऱ्या वार्डाचं इथीच येते!”

सगळ्यांनी बोडीकडे पाहिलं. मग म्हाताऱ्या केसरबाईनं तोंडावर पदर दाबला आणि पाळीवर ओकाऱ्यांची एकच लाट उसळली.

“मैला तळाशी बसते, सडते, त्याचा गॅस होते. तोच पेटते,” कमळा म्हणाली. “तळं कामाचंच हाय. घान नदीत जाऊ नये म्हनून बांधलं. प्याले नाई! बाबा, तुमी तरी घोटभर घेऊन दाखवा.”

“आज मले निरंकार उपास हाय,” बाबा म्हणाले, आणि चपला तिथेच टाकून वाटेला लागले.

कमळाला हसू येत होतं आणि संतापही येत होता. “मातामायले माना, नाईतर नोका मानू,” ती ओरडली, “पन घोट गिळन्याच्या आधी एवढं तरी इचारा, का हे आलं कुठून!”

गर्दीतून वाट काढत सुकरी पुढे आली. तिनं बाटली पालथी केली आणि बिरजूला छातीशी घट्ट धरलं.

“सिस्टर,” ती म्हणाली, “साखर किती टाकाची?”