एल्डरबेकच्या कमानी

“आधी डबा उघडा, मग देव. देव कुठे पळून जात नाही, काकडीची सँडविचं मात्र ओली होतात.”

पडक्या मठाचं फाटक ढकललं की विल्फचं हे फर्मान मला अजून ऐकू येतं. ते माझ्यासाठीच असे. माझा नेम असा, की प्रार्थनेची वेळ झाली की ती झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, आणि मठात असले तर जिथे पूर्वी वेदी होती तिथेच उभं राहून ती करायची. वेदी बहुतेक ठिकाणी उरलेली नसतेच. पूर्व शोधायची, मेंढ्यांना बाजूला सारायचं आणि पुटपुटायला लागायचं. तोवर विल्फ आणि त्याची बायको मार्जरी एखाद्या पडलेल्या खांबावर थर्मास ठेवून माझी वाट बघत बसत. यॉर्कशरमधले किती मठ आम्ही तिघांनी असे पालथे घातले, देव जाणे.

विल्फ गावच्या चर्चमध्ये गायचा. लोक गाण्यासाठी येतात हे ठाऊक असल्याने पाद्रीबुवा प्रवचन आवरतं घ्यायचे. जाण्याआधी त्याने मार्जरीकडून एकच वचन घेतलं. “माझी रक्षा एल्डरबेकच्या मठात टाक. साधू बसून गायचे ना, तिथे.” मागच्या वसंतात तिने ते पाळलं. मी तापाने पडले होते, म्हणून ती एकटीच गेली.

यंदा मी सोबत होते. दुपारचा नेम घरीच उरकून निघालो होतो.

“चल, तुला दाखवते,” म्हणत मार्जरी मठातल्या पडक्या चर्चच्या उंच भिंतींकडे न वळता उतारावरून खाली निघाली. साधूंची गायची जागा चर्चमध्ये वेदीजवळ असते, म्हणून मला नवल वाटलं, पण मी मागोमाग गेले.

खाली दगडी भिंतीत कमानींची रांग होती. एकेका कमानीत एकेक माणूस ऐसपैस बसेल. पायथ्याशी ओढ्याचं पाणी वाहत होतं.

“गाणाऱ्यांच्या बैठका,” मार्जरी म्हणाली. “कशा ओळीने आहेत बघ. त्या मधल्या कमानीत त्याला ठेवलं.”

शेजारी एक कोरी करकरीत पाटी लागली होती. मी ती आधी वाचली.

“काय लिहिलंय गं?”

“जुनं काहीतरी. चल, चहा घेऊ.”

“एडिथ, तुला थापा मारता येत नाहीत. उगाच प्रयत्न करू नकोस.” तिने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, “साधूंची शौचालयं. वर लाकडी बैठका, खालून ओढ्याचं पाणी.”

कुठेतरी मेंढी ओरडली.

“म्हणजे मी माझ्या नवऱ्याला संडासात टाकलं,” मार्जरी म्हणाली.

“असं म्हणू नकोस.”

“मग कसं म्हणू?”

आणि ती हसायला लागली. भिंत धरून, कंबर वाकवून हसली. मीही हसले. हसू नये असा माझा काही नेम नाही. मग ती दगडावर बसली, आणि हसू कधी संपलं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

“जन्मात एकच गोष्ट मागितली गं त्याने माझ्याकडे. एरवी चहासुद्धा आपला आपण करून प्यायचा,” ती म्हणाली. “वर नुसतं गवत होतं. इथे निदान बसायची सोय दिसली. शेवटी शेवटी त्याला उभं राहवत नव्हतं ना.”

“अगं, साधू इथेही गुणगुणत असतील. एवढ्या थंडीत बसायचं म्हणजे.”

“विल्फ गायचा संडासात. शेजारीण भिंतीवर ठोकायची.” ती पुन्हा जराशी हसली. “पण वचन ते वचन. गाणं राहिलं वर आणि तो खाली. आता गोळा करून वर न्यायला उरलंय काय? अर्धा ओढ्यातून गेला, उरलेला माझ्या कोटावर उडाला. तो कोट मी धुवायला टाकला.”

“मग गाणं खाली आणू,” मी म्हटलं. “आजची संध्याकाळची प्रार्थना मी इथे करते. गाऊन.”

“तू? पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही तुझा आवाज. विल्फ म्हणायचा, एडिथची प्रार्थना देवाला ओठांवरून वाचावी लागते.”

“इथे कुठे लांब पोचवायचाय.”

“आणि तुझी वेदी?”

“वेदी आहे तिथेच राहील.” बोलून गेले खरी, पण मला ते सोपं नव्हतं. आणि चारचौघांत गाणं तर त्याहूनही अवघड.

“नक्की ना? नाहीतर ऐन वेळी लाजशील.”

“शब्द देते.”

मग आम्ही वर येऊन चहा घेतला. मार्जरीने शेजारणीच्या नव्या जावयाला यथेच्छ नावं ठेवली. हळूहळू कमानींची सावली ओढ्यापलीकडे गेली. पलीकडच्या कुरणात पोरं आईला फोटो काढायला लावत होती, आणि एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन नेमका खालच्या पाटीपाशी उभा होता. मार्जरीने मला आठवण करून दिली नाही. ती काडीने बुटाचा चिखल खरवडत राहिली, माझ्याकडे न बघता.

मी पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं. उतार ओलसर होता. स्कर्ट जरासा वर धरला, घसा साफ केला, आणि खाली निघाले.