देवळामागची जागा

औंढ्याला नागनाथाच्या देवळामागे पार्वतीबाईंची जागा विकायला निघाली होती, आणि मला ती पहिल्यापासून खटकत होती. साल अडतीसचं, निजामाचा अंमल. देवळाला एवढी लागून जागा, आत गोड्या पाण्याची विहीर, आणि भाव एवढा कमी? असं कुणी उगाच देतं होय?

माझी लेक निर्मला विधवा. पदरात एक पोरगी. कुणाच्या दारी राबायचं नाही, यात्रेकरूंसाठी आपली खानावळ काढायची, असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठी अंगावरची सगळी चांदी मोडली. जागा चुकली तर पुन्हा मोडायला काही नव्हतं. आमच्या तांड्यातल्या कुणी तोवर औंढ्यात हातभर जमीन घेतली नव्हती.

"लेकाकडं हिंगोलीला चालले," पार्वतीबाई म्हणाल्या. "चांगल्या माणसाला द्यायची हाय."

बोलताना त्यांनी शेजारच्या घराकडं पाहिलं आणि गप्प झाल्या. बाई नक्की काहीतरी लपवून राहिली, मी मनात म्हटलं.

तरुणपणी मी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. आमची एक रीत होती. पुढं दलदल कुठं, चढ कुठं, हे तिथं राहणाऱ्यालाच विचारायचं. या रीतीनं मी कधी फसलो नव्हतो. म्हणून तडक शेजारच्या उकंडरावांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

उकंडरावांनी चहा पाजला. मग इकडं तिकडं बघत आवाज उतरवला.

"बाबूसिंग, भला माणूस म्हणून सांगून राहिलो. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचतं. अन् बाईच्या पुतण्याचा हिस्सा हाये. उद्या त्यानं दावा लावला तर?"

आपला संशय खरा निघाला म्हणून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू!

निर्मला मात्र हटेना. "बाबा, भिंतीला कुठं वल न्हाई. पटवाऱ्याकडं कागद तरी पाहू."

"पटवारी बाईचाच माणूस असंल. चल घरी!"

तिनं पदर खोचला आणि माझ्यापुढं झपाझप तांड्याची वाट धरली.

दिवाळीनंतर गेलो, तर त्या जागेवर नवी भिंत छातीएवढी चढलेली. गवंड्यावर ओरडत होते ते उकंडराव. धावत पटवाऱ्याकडं गेलो. कुणाचा हिस्सा नव्हता, दावा नव्हता. पाणीही कधी साचलं नव्हतं. माझ्याआधी तीन गिऱ्हाईकं उकंडरावांनी अशीच पळवली होती. शेवटी पार्वतीबाई थकल्या आणि त्यांनाच जागा देऊन गेल्या.

वाट सांगणाऱ्याला आपण कुठंही गेलो तरी सारखंच. जागेचं तसं नसतं. तिथं पहिलं गिऱ्हाईक शेजारीच असतं, हे मला म्हातारपणी कळलं. स्वतःची एवढी चीड मला कधीच आली नव्हती.

निर्मलानं शेवटी तिथलीच एक खोली उकंडरावांकडून भाड्यानं घेतली. करारनाम्याच्या दिवशी मी सोबत गेलो. कागद तिनं आधीच पटवाऱ्याकडून वाचून घेतला होता, चार घरी चौकशीही केली होती. दारात मी तिला म्हणू लागलो, "हे बघ निर्मला, हा माणूस..."

"बाबा, तुमी बाहेरच थांबा," ती म्हणाली, आणि पोरीचा हात धरून आत गेली.