मूळचा रंग

मोटारवाल्या मंडळींनी त्या गाडीला ‘साबणवडी’ असं नाव ठेवलं होतं. दोन माणसांची, बुटकी, पुढून-मागून सारखीच गुळगुळीत, वापरून अर्धी झालेल्या वडीसारखी. स्पोर्ट्स कार म्हणून ती बाजारात आली, चार वर्षं बनली आणि मग कारखान्यानेच गाशा गुंडाळला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. इंजिन सीटच्या पाठीमागे, वजन इतकं नेमकं वाटलेलं की वळणावर ती रुळावरून गेल्यासारखी जायची. पण हे कळायला ती चालवावी लागते, आणि चालवायला आधी विकत घ्यावी लागते. तिथेच घोडं अडायचं.

दादाने ती घेतली होती. दादा लिफ्ट तपासनीस. एवढा धिप्पाड माणूस त्या गाडीतून उतरला की इमारतींचे चौकीदार विचारत, साहेब, गाडीत बसून येता की गाडी घालून येता? दादा हसायचा. त्याने ती एकोणीस वर्षं चालवली. मग एका सकाळी स्वतःच्याच फाटकाचा खांब त्याला दिसला नाही. निदान काचबिंदूचं निघालं. कडेची नजर केव्हाच गेली होती, मधलं तेवढं शिल्लक होतं. दादाने त्याच दिवशी किल्ली खिळ्याला लावली. गाडी शेडमध्ये नऊ वर्षं उभी राहिली.

त्याचा धाकटा भाऊ साचे बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूमचा प्रमुख होता. हाताखालच्या लोकांनी आणलेला प्रत्येक तुकडा उजेडात धरून तो म्हणायचा, सूतभर चुकलंय. म्हणून कारखान्यात आणि पुढे घरातही त्याचं नाव सूतभर पडलं. निवृत्त झाल्यावर त्याने गाडी आपल्या नावावर करून घेतली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, घरामागच्या गाळ्यात नेली. दोन वर्षांत ती पूर्ववत करतो असं त्याने दादाला सांगितलं.

या दोन वर्षांत दादाने मनाशी एक ठरवलं होतं, आणि ते कोणालाही सांगितलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब टाकून त्याला दहा वर्षं झाली होती. थेंब झोंबायचे, मग घशात कडू उतरायचे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांवर टिकेल. निळ्या-हिरव्यात गल्लत होऊ लागली की समजायचं, मधल्या नजरेलाही धक्का बसतोय, असंही त्या म्हणाल्या होत्या. प्रत्येक तपासणीत थोडं थोडं कमीच निघायचं. हरलेल्या डावात पत्ते किती वेळ धरून बसायचं, असं दादाला वाटू लागलं होतं. त्याने ठरवलं, साबणवडी पुरी झालेली बघायची. तिचा निळा निळाच दिसला, तर मरेपर्यंत थेंब टाकायचे, तक्रार करायची नाही. नाही दिसला, तर बास.

गाळ्यातलं काम कूर्मगतीने पण चोख चाललं होतं. दादा महिन्यातून एकदा बसने यायचा, स्टुलावर बसायचा, हातात दिलेला भाग चाचपून ओळखायचा. पाण्याचा पंप त्याने नुसत्या बोटांनी ओळखला. सूतभरने इंजिन खोललं, नळ्या बदलल्या, सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डॅशबोर्ड काढला, आणि त्याच्या मागे, जिथे ऊन कधी पोहोचलं नव्हतं, तिथे पत्रा हिरवा निघाला. डिकीच्या बिजागऱ्यांखालीही हिरवाच. दारातल्या पट्टीवर रंगाचा क्रमांक कोरलेला होता. त्याने तो जुन्या पुस्तिकेतून ताडून पाहिला. गाडी कारखान्यातून हिरवी निघाली होती. निळी केली होती पहिल्या मालकाने, दादाने घेण्यापूर्वी.

पेंटर म्हणाला, “साहेब, दादांना विचारून घ्या. त्यांनी निळीच पाहिलीय.”

सूतभरने त्याला समजावलं, की पूर्ववत म्हणजे मूळचं. मधल्या कुणाची लहर नव्हे. पेंटरने दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारलं. सूतभर म्हणाला, तू ब्रश धर, नाती मी बघतो. पेंटर म्हणाला, मी ब्रश धरत नाही, स्प्रेगन धरतो, आणि कामाला लागला. निळा सगळा पत्र्यापर्यंत खरवडून निघाला.

चौथा हात चढला तेव्हा सूतभरला आपलंच बरोबर असल्याची खात्री पटली. निळ्या रंगात जी वडी दिसायची, तिला हिरव्यात कंबर आली होती. दाराच्या खालून पत्र्याची एक घडी मागच्या चाकापर्यंत जात होती, ती इतकी वर्षं कुणाला दिसलीच नव्हती. एवढ्या चांगल्या गाडीची सगळ्यांनी टिंगल केली ती एका चुकीच्या रंगापायी, असं त्याला वाटलं. हे दादाला आयतं सांगायचं नाही, त्याच्या तोंडून ऐकायचं, असं त्याने ठरवलं. पुरी होईपर्यंत गाळ्यात येऊ नकोस, एवढाच निरोप त्याने दिला.

दाखवण्याचा दिवस रविवारचा. वहिनी गुडघ्यांमुळे आली नाही. पेंटर दुसरीकडे कामावर होता. सूतभरने गाडी गाळ्याबाहेर, सावलीत काढून ठेवली होती. दादाला धरून आणलं आणि सहा पावलांवर उभं केलं.

दादाला आता सगळी गाडी एकदम दिसत नसे. दारातल्या भोकातून खोली बघावी तसं तो बघायचा, मान हळूहळू फिरवत. त्याने पुढचा दिवा पाहिला. मग बॉनेट, मग दार. तिथे मान थांबली. मग परत दिव्याकडे गेली, परत दाराकडे आली. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून. सूतभर शेजारी उभा राहून वाट बघत होता.

“झकास झालीय,” दादा म्हणाला.

“आणखी काही?”

“आणखी काय? झकास.”

सूतभरला राग आला. दोन वर्षं राबून एक शब्द मिळाला होता, तोही शेजाऱ्याच्या नव्या पंख्याला देतात तसा. रंग आवडलेला नाही आणि बोलून दाखवत नाही, असं त्याने धरलं. मग मीही बोलणार नाही, असं ठरवलं. दादाला वेगळंच दिसत होतं. गाडी निळी होती, हे त्याला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. ती आता हिरवी दिसत होती. याचा अर्थ विचारायची त्याला गरज वाटली नाही. दोघांनी चहा घेतला. नळ्यांच्या, पंपाच्या गोष्टी झाल्या. दादाने गाडीत बसून पाहिलं, गिअर टाकून पाहिला, दुसरा गिअर आता अडत नाही म्हणाला. दोघांपैकी एकाच्याही तोंडून रंगाचं नाव निघालं नाही.

त्या संध्याकाळपासून दादाने थेंब बंद केले. वहिनीला संशय येऊ नये म्हणून तो ठरल्या वेळी न्हाणीघरात जायचा, नळाखाली पापण्या ओल्या करायचा आणि डोळे मिटून पाच मिनिटं खुर्चीत बसायचा. बाटलीतले थेंब मोजून बेसिनमध्ये टाकायचा. पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा सर्दी झाल्याचं सांगितलं. वहिनी म्हणाली, हल्ली शहाण्यासारखं औषध घेता, कुरकुर नाही. तो म्हणाला, सवय झाली.

गाडी लगेच रस्त्यावर आणता आली नाही. कागदांवर रंग निळा होता, तो बदल नोंदवून घ्यायला तीन महिने गेले. सूतभर या काळात फोन करायचा, पण वहिनीला. दादाची चौकशी करून ठेवून द्यायचा. अढी होती. शेवटी कागद हातात आले तेव्हा ती थोडी सैल झाली, आणि एका सकाळी तो साबणवडी घेऊन थेट दादाच्या दारात आला.

वहिनी काठी टेकत ओट्यावर आली. दादा आत खुर्चीत होता, खिडकी उघडी होती.

“अगं बाई,” वहिनी म्हणाली. “हिरवी केलीत भाऊजी? आणि मला कोणी बोललं नाही?”

सूतभर म्हणाला की केली नाही, होतीच, आणि डॅशबोर्डमागचं सगळं सांगू लागला. तो बिजागऱ्यांपर्यंत आला तेव्हा दादा दारात उभा होता. चौकटीला धरून.

“पुन्हा म्हण,” तो वहिनीला म्हणाला. “कशी आहे?”

“हिरवी. कच्च्या आंब्यासारखी. का हो, तुम्ही तर बघून आलात ना?”

दादाने भावाकडे तोंड वळवलं. सूतभर जिथे उभा होता त्याच्या हातभर बाजूला तो बघत होता. “त्या दिवशी पण हिरवीच होती?”

“म्हणजे काय? माझ्या गाळ्यात काय रंग बदलतेय ती?”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो.”

दादा उंबऱ्यावर बसला. मग त्याने थेंबांचं सांगितलं, तारखेसकट. आवाज तपासणी अहवाल वाचताना असायचा तसाच होता. वहिनीने आत जाऊन बाटली आणली, पिशवीत टाकली आणि पायांत चपला घातल्या. गाडीत दोघांचीच जागा होती. ती म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी रिक्षाने येते.

डॉक्टरीणबाईंनी आधी दाब मोजला, मग पुन्हा मोजला. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दादापुढे धरलं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. पहिल्या पानावरचा सगळ्यांनाच दिसतो, तो त्याने सांगितला. पुढच्या पानांवर त्याला नुसते ठिपके दिसले. बाईंनी फाईल उलटी चाळली. मागची तपासणी गाडी बघण्याच्या दहा दिवस आधीची होती. तेव्हा सगळे आकडे बरोबर ओळखले होते, तसं लिहिलेलं होतं.

“मला तेव्हा कोणी सांगितलं नाही,” दादा म्हणाला. “नुसतं म्हणालात, औषध चालू ठेवा.”

बाई म्हणाल्या की हो, चांगलं असलं की तेवढंच म्हणतो. बाहेर तीस जण बसलेले असतात. मग त्यांनी नवे थेंब लिहून दिले, दिवसातून तीन वेळा. उरलं आहे ते टिकवू, म्हणाल्या. किती उरलं आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिघांपैकी कोणी विचारलं नाही.

वहिनी औषधाच्या दुकानात गेली. दोघं भाऊ बाहेर गाडीपाशी उभे राहिले. भर दुपारचं ऊन होतं. दादाने छतावर हात ठेवला आणि तापलेल्या पत्र्यावरून दारापर्यंत आणला. ती नवी दिसलेली घडी त्याच्या बोटांना लागली, तिच्यावरून बोट मागच्या चाकापर्यंत गेलं.

“ही इथे होती?”

“पहिल्यापासून.”

“आता राखाडी दिसतेय. सगळंच तसं दिसतंय. कसला हिरवा आहे रे?”

सूतभरने क्रमांक सांगितला. दादा म्हणाला, क्रमांक नको. सूतभरने विचार केला. चाळीस वर्षं त्याने केसाच्या जाडीतला फरक शब्दांत सांगितला होता. आता वहिनी म्हणते तसा, कच्च्या आंब्यासारखा, एवढंच तो म्हणाला, आणि तेही बरोबर नव्हतं, सूतभर फिकट होतं.

“मी गाडी बघितलीच नाही त्या दिवशी,” दादा म्हणाला. “चांगली समोर उभी होती, उजेड होता. मी डोळेच तपासत बसलो.”

सूतभरने दार उघडलं. दादा वाकला, आणि त्याचं डोकं छताला लागू नये म्हणून सूतभरने मध्ये हात धरला.