पंखाची शिलाई

आमच्या ह्यांना सगळे कर्नल म्हणतात. सैन्याशी ह्यांचा संबंध एवढाच, की सैन्याने मोडीत काढलेलं जे काही चाकांवर उभं राहू शकतं ते आमच्या घरामागच्या शेडमध्ये येऊन दाखल होतं. पेशाने हे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि संध्याकाळी इंजिनांच्या पोटात. आरसा दोन्हीकडे एकच असतो की काय, असं मी पाहुण्यांसमोर विचारते. दोन वेगवेगळे आहेत, असं हे शपथेवर सांगतात.

लोक कुत्री-मांजरं पाळतात. ह्यांनी सहा चाकांचा ट्रक, दोन जीप, साइडकारची मोटारसायकल आणि एक रुग्णवाहिका एवढं गोकुळ पाळलं. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. खूळ उतरलं नाही, मीच त्यात चढले. माझं पडद्यांचं आणि गाद्यागिरद्या शिवायचं दुकान. साहजिकच सगळ्या गाड्यांच्या सीटा माझ्या गळ्यात पडल्या.

चिडायला कारणं पुष्कळ होती, पण ह्यांचं काम बघितलं की राग टिकत नसे. रुग्णवाहिकेच्या छताला आतून कोणीतरी, बहुधा पडल्या पडल्या, खिळ्याने एक झाड कोरलं होतं. ह्यांनी पत्रा घासला, गाडी आतून-बाहेरून रंगवली, पण झाडाभोवतीचा हातभर तुकडा जुन्याच रंगात ठेवला. असा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी ह्यांच्या तोंडावर कधी बोलत नाही, शेफारतील म्हणून.

शेवटी विमान आलं. शिकाऊ वैमानिकांचं, दोन सीटांचं, वरून उघडं. आलं म्हणजे ट्रकमधून पोत्यांत आणि खोक्यांत आलं. ते उभं करण्यात ह्यांचे केस पिकले. मधल्या काळात हे उडवायलाही शिकले. पण छाती अधूनमधून धडधडायला लागली, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की पुढच्या तपासणीपर्यंत काय उडायचं ते उडा, त्यानंतर उघड्या विमानात मागच्या सीटवरसुद्धा बसायचं नाही. तपासणी दीड-दोन महिन्यांवर होती, आणि फक्त पंखांवर कापड चढायचं राहिलं होतं.

या विमानाचे पंख लाकडी फासळ्यांचे. त्यांवर कापड ताणून प्रत्येक फासळीला मेणाच्या दोऱ्याने शिवायचं आणि दर टाक्याला गाठ मारायची. गाठ कशी मारायची ते ह्यांनी मला शिकवलं. मी रात्रंदिवस एक करून दोन्ही पंख शिवले. आणि उभ्या आयुष्याची सवय, शिलाईत गाठ दिसली तर शिवणारणीची अब्रू गेली! म्हणून प्रत्येक गाठ मी सुईने अलगद कापडाखाली सरकवली. पंख असा गुळगुळीत दिसत होता की मीच त्यावरून हात फिरवत बसले.

विमान उडवण्यालायक आहे का ते बघायला सरकारी तपासनीस आले. त्यांनीही हात फिरवला, वा म्हणाले, आणि मग विचारलं, गाठी कुठे आहेत? ह्यांचा चेहरा पडला. गाठ प्रत्येक वेळी वरून दिसली पाहिजे, हे मला सांगायचं हे विसरले होते, कारण विमानवाल्यांना ते सांगावं लागत नाही.

तपासनीस भले होते. नमुन्यादाखल चार ठिकाणी उघडून बघतो, नियमात बसतं, म्हणाले. उघडलं, चारही गाठी चोख निघाल्या. ते सही करणार, एवढ्यात हे म्हणाले, "थांबा. सगळं उसवतो."

मी तिथेच भडकले. माझ्या हातावर एवढाच भरवसा का, असं चारचौघांत विचारलं.

"तुझ्यावर आहे गं," हे म्हणाले. "पण हे विमान आपल्यामागेही राहणार. तेव्हा ज्याला तपासायचंय त्याला गाठ दिसली पाहिजे. तू त्याला सांगायला थोडीच असशील?"

आम्ही दोघं उसवायला बसलो. मी सुया मोडल्या, दोरे तोडले, जिभेला हाड नसल्यासारखी बोलले. हे उसवलेले दोरे वेचून बाजूला ठेवत होते. सगळी शिलाई उसवून झाली. एकही गाठ चुकलेली निघाली नाही. मला रडू फुटलं. हे म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं भरवसा आहे म्हणून?"

दुसरा पंख पुन्हा शिवून व्हायच्या आत ह्यांच्या हृदयाच्या तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. घरी येताना मीच बोलत होते, हे खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर हे कपडे बदलून शेडमध्ये गेले आणि माझ्यासाठी दोऱ्याला मेण लावत बसले.

विमान उडालं ते फ्लाइंग क्लबच्या तरुण शिक्षिकेने उडवलं. आधी तिने एकटीने फेरी मारली, आणि उतरल्यावर दुसऱ्या फेरीला कोण येतं म्हणाली. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शिडीवर चढून पडदा लावतानासुद्धा मला घाम फुटतो, हे ह्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी स्वतःच्या हाताने मला पट्टे बांधले, गॉगल चढवला, आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

मी खाली उतरले. हे धावत आले, लहान मुलासारखे.

"सगळं सांग. चाकं सुटतात तेव्हा कसं वाटतं या विमानात?"

बरं वाटलं, एवढंच सांगून मला सुटता आलं असतं. पण हा माणूस विचारत होता.

"चाकं सुटली ते कळलंच नाही," मी म्हटलं. "तुम्ही लहान लहान व्हायला लागलात, तेव्हा कळलं."

ह्यांनी डोळे मिटले, पंखावर हात टेकला.

"मग? पुढे?"