भूमिकानं माझ्यात पंखा बसवला

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. हल्लीच्या गाड्या सुरू झाल्या तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. मी सुरू झालो की गोळीबार चौकामागच्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळतं. तावदानं थरथरतात, गाडीखाली झोपलेलं कुत्रं उठून जागा बदलतं आणि समोरच्या किराणा दुकानातून ऋषी ओरडतो, "चंपतकाका, निघाले वाटते!" हसू नका बरं. धडधड हा आमचा पिढीजात स्वभाव आहे, त्याला कोण काय करणार?

कारखान्यात वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, एका पांढऱ्या कारमध्ये बसवलं आणि ती कार नागपूरला आली. तिचे मालक चंपतराव. ते विणकरांच्या घरातले. त्यांच्या घरी गल्लीकडच्या खोलीत हातमाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं पावड्या दाबत लुगडं विणायचं. पुढे हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. चंपतरावांनी माग मोडला, खड्ड्यावर फळ्या टाकल्या, भिंत फोडून शटर लावलं आणि त्या खोलीत मला आणून उभं केलं. मागाची आठवण म्हणून कोपऱ्यात उरलेल्या रंगीत सुताचं एक पोतं तेवढं राहिलं.

मग आमची टॅक्सी सुरू झाली. नागपूर, उमरेड, भिवापूर आणि परत. हंगामात टपावर भिवापुरी मिरचीची पोती चढायची. आत बसलेली माणसं शिंकून शिंकून बेजार, आणि चंपतराव म्हणायचे, "शिंका गा, डोस्कं मोकळं होते!" मी किती नवऱ्या सासरी पोचवल्या, किती म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं! रामदासपेठेतल्या इस्पितळातून गोपिकाबाई आपली तान्ही लेक घेऊन घरी आल्या, त्याही माझ्याच गाडीतून. त्या दिवशी चंपतरावांनी मला इतकं हळू चालवलं की मागचे रिक्षावाले शिव्या देत होते. ती लेक म्हणजे भूमिका.

चंपतरावांचा माझ्यावर फार जीव. माझं बॉनेट त्यांच्याशिवाय कुणी उघडायचं नाही, असा कायदाच होता. लहानगी भूमिका जवळ आली तर म्हणायचे, "हो तिकडं, हात काळे होतीन." ती बिचारी दारात उभी राहून बघत राहायची.

पण वय कुणाला सोडतं? माझ्या रिंगा झिजल्या. मी तेल पिऊ लागलो आणि काळा धूर ओकू लागलो. एकदा बुटीबोरीच्या पुलावर ऊस भरलेला ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला, आणि त्याच्या ड्रायव्हरनं वर हात हलवून निरोप घेतला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंपतरावांचेही गुडघे दुखू लागले होते. त्यांनी टॅक्सी बंद केली. माझ्यावर ताडपत्री पडली आणि ताडपत्रीवर धूळ. कुणी माझ्याकडे बघेना. वाईट वाटायचं हो. शेवटी एक दिवस कबाडीवाला येऊन मला वरखाली पाहून गेला.

भूमिका तोवर इंजिनियर होऊन बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत देखभाल विभागात लागली होती. तिथली गत काही वेगळी नव्हती. मशीन बंद पडलं की सगळे हिला म्हणायचे, "मॅडम, जरा टॉर्च धरा." एखादं यंत्र स्वतःच्या हातानं पुरतं उघडावं, पुरतं बांधावं आणि सुरू करून दाखवावं, एवढंच तिला हवं होतं. कबाडीवाल्याचं ऐकलं आणि ती चंपतरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, गाडी देऊ नका. इंजिन मी बांधते."

"तू?" चंपतराव हसले. "कारखान्यात बटन दाबणं अलग आहे पोट्टे, अन् इंजिन खोलणं अलग आहे."

"मंग शिकली कायले मी?"

गोपिकाबाई आतून म्हणाल्या, "करू द्या ना तिले. तसंही भंगारातच देऊन राहिले ना तुमी."

चंपतराव लेकीकडे वळले. "ठीक आहे. पण आयक वं. इंजिन बिघडलं तं गाडी कबाड्याले जाईन, अन् पुन्हा पाना हातात घ्याचं नाव काढाचं नाही."

"मंजूर," भूमिका म्हणाली.

झालं! बापलेकीच्या या बोलीवर माझा जीव टांगला गेला, आणि तिची अब्रूही.

तिनं फळ्या काढल्या. तिचा आजोबा ज्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचा, त्यातच उतरून ती खालून माझे बोल्ट सोडवू लागली. मित्रांनो, उघडं पडायची लाज वाटतेच. माझ्या पोटात केवढी काजळी! पण ती नाक न मुरडता एकेक भाग घासून पुसून मांडत गेली. लेथवाल्या धम्मानंदनं माझे सिलिंडर नीट करून दिले. नवे पिस्टन आले, नव्या रिंगा आल्या. म्हातारपणी नवे दात यावेत तसं मला झालं.

मग तिनं एक गोगलगाईसारखी दिसणारी वस्तू आणली. तिला टर्बो म्हणतात. माझ्याच कंपनीच्या नंतरच्या एका गाडीतून ती काढली होती, आणि ती बसवायची सरकारी परवानगी भूमिकानं आधीच काढून ठेवली होती. टर्बो म्हणजे जोडपंखा. माझ्याच बाहेर जाणाऱ्या धुरानं एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची ताजी हवा ओढून माझ्या छातीत भरतो.

"म्हाताऱ्याले पैलवान कायले बनवून राहिली वं?" चंपतरावांनी दारातून विचारलं.

"पैलवान नाही बाबा. त्याले श्वास पुरत नाही. मी फक्त श्वास देऊन राहिली."

चंपतराव तिथून हलले मात्र नाहीत.

आता एक गुपित सांगतो. भूमिका कामावर गेली की चंपतराव हळूच माझ्याजवळ यायचे. इकडे हात लाव, तिकडे फुंकर मार, नवा पिस्टन डोळ्यांजवळ नेऊन बघ, असं चालायचं. लेकीसमोर मात्र तोंड वाकडं! एका दुपारी मे महिन्याची लू सुटली. शटरखालून धूळ भसाभस आत येऊ लागली, आणि माझे पाइप तर उघडेच पडलेले. चंपतरावांचा जीव खालीवर झाला. या घरची जुनी रीत अशी की कुठेही भोक दिसलं की सुताचा बोळा कोंबायचा, मग ती गळकी मोरी असो की दाराची फट. त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यातून सूत ओढलं, बोळे केले आणि माझ्या एकेका पाइपाच्या तोंडात घातले. त्यातला एक केशरी बोळा हातून निसटून आत खोल गेला. तो पाइप होता टर्बोच्या दांड्याचं तेल खाली परत आणणारा. दुसऱ्या बोळ्यांसारखा हाही तोंडाशीच आहे असं समजून चंपतराव समाधानानं चहा प्यायला गेले. मी ओरडणार कशानं? माझं तोंड तर तुकड्या-तुकड्यांनी जमिनीवर मांडलेलं!

संध्याकाळी भूमिका आली. बोळे पाहून तिला वाटलं, आईनं घातले असतील. दिसले तेवढे तिनं काढले. केशरी बोळा दिसला नाही, आणि पाइप तसाच जोडला गेला.

रविवारी सकाळी गल्ली जमली. गोपिकाबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाटावर बसून हात जोडले. भूमिकानं किल्ली फिरवली. अहाहा! इतक्या दिवसांनी मी धडधडलो. आवाज गोल, धूर जवळजवळ नाहीच. चंपतराव मिशीतल्या मिशीत हसत होते, मी पाहिलं ना!

आणि तेवढ्यात घात झाला. परतीची वाट बंद असल्यामुळे तेल टर्बोत तुंबलं आणि हवेबरोबर माझ्या छातीत घुसलं. मित्रांनो, डिझेल इंजिन मोठं अडाणी असतं. डिझेल असो की तेल, समोर आलं की ते जाळतं. मी आपोआप जोरात फिरू लागलो. आणखी जोरात. निळ्या-पांढऱ्या धुरानं गल्ली भरली. भूमिकानं किल्ली बंद केली, तरी मी थांबेना! डिझेल बंद झालं होतं, पण मी माझंच तेल पिऊन धावत सुटलो होतो. मला थांबायचं होतं हो, पण थांबता येत नव्हतं.

"फुटते आता! मांगं व्हा!" चंपतराव ओरडले. माणसं पळाली. गोपिकाबाईही उठून भिंतीला टेकल्या. भूमिका मात्र पळाली नाही. तिनं आईचा पाट उचलला, माझ्या हवेच्या तोंडावर दाणकन दाबला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. माझा श्वास कोंडला. मी एकदा थरथरलो, दुसऱ्यांदा हुंदका दिला आणि गप्प झालो. जीव वाचला माझा.

"पोरीनं तं इंजिनच पळवलं गा!" ऋषी दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, आणि सगळी गल्ली फिदीफिदी हसली.

चंपतराव हसले नाहीत. ते रागानं लाल झाले होते. "झालं समाधान? सांगून राहिलो होतो, जुन्या इंजिनाले हात लावू नको म्हणून!" त्यांनी तिथूनच कबाडीवाल्याला फोन लावला. "उद्या सकाळी टेम्पो घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी भूमिकानं सुटी घेतली आणि पहाटेच खड्ड्यात उतरली. निदान काय झालं हे तरी कळू द्या, असं ती आईला म्हणाली. एकेक पाइप काढून ती त्यात तार घालून बघू लागली. परतीच्या पाइपातून तार बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला तेलानं माखलेला केशरी बोळा होता.

गोपिकाबाईंनी तो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "अवं माय! हे तं पोत्यातलं सूत. त्या दिवशी तुह्या बाबानं..."

"आई, हळू बोल. पाइप पाहून लावाचा राहते. मीच नाही पाहिला."

"पण दोष तुह्यावर आला ना वं!"

"येऊ दे. त्यायनं धूळ जाऊ नये म्हणून घातला. त्यायले सांगू नको, जिवाले लावून घेतीन."

चंपतराव दारातच उभे होते. हातात चहाचा कप. त्या दोघींची पाठ तिकडे होती, पण मला ते दिसत होते. त्यांनी सगळं ऐकलं. चहा तसाच हातात ठेवून ते आल्या पावली मागे गेले.

थोड्या वेळानं टेम्पो आला. बाहेरून आवाज ऐकू आला, "जा गा, नाही द्याची गाडी."

"काका, काल तं तुमीच बलावलं!"

"काल बलावलं, आज नाही म्हणून राहिलो. जा."

भूमिकानं पाइप धुतले, सगळं तेल बदललं, पंखा तपासला, माझी नस न नस तपासली. नशीब बलवत्तर, कुठे इजा नव्हती. या खेपेला किल्ली फिरवताना गर्दी नव्हती, नारळही नव्हता. मी शहाण्यासारखा सुरू झालो, आणि तिनं बंद केल्यावर शहाण्यासारखा बंदही झालो.

"चला बाबा, उमरेड रोडले जाऊन येऊ," ती म्हणाली. चंपतराव जन्मात पहिल्यांदा त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसले.

काय सांगू मित्रांनो! मोकळा रस्ता लागला आणि छातीत भरभरून हवा आली. तरुणपणीही मी असा धावलो नव्हतो. चंपतराव दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. "हळू वं," म्हणायचे, आणि लगेच पुढे झुकून माझा आवाज ऐकायचे.

घरी परतलो. शटरसमोर गाडी थांबली तसा सवयीनं चंपतरावांचा हात किल्लीकडे गेला. भूमिकानं तो धरला.

"थांबा बाबा. आता लगेच बंद नाही कराचं. धावून आल्यावर टर्बो लय तापलेला राहते. मिनिटभर असाच चालू द्या, थंड झाला की बंद करू."

"अन् तोवर काय कराचं?"

"काही नाही. बसाचं."

दोघं बसून राहिले. मी हळूहळू धडधडत होतो. चंपतरावांना रिकामं बसायची सवय नव्हती. ते समोरच्या काचेतून बघत राहिले, आणि मग त्यांचा आवाज आला, पार बारीक.

"तो बोळा मी घातला होता."

"मले मालूम आहे."

"तुले मालूम आहे, हे मले मालूम आहे. दारात होतो मी." त्यांनी डोळे पुसले. "लहानपणापासून तुले दारात उभी ठेवली, पोरी. अन् इंजिन मी बिघडवलं, तं नाव तुह्यावर घेऊन बसली."

भूमिकानं त्यांचा हात सोडला नाही.

चंपतरावांनी काच खाली केली आणि माझ्याही आवाजाच्या वर ओरडले, "ऋषी! अरे ओ ऋषी! आयक गा! रविवारी पोरीची चूक नव्हती, माही होती! सांग साऱ्या गल्लीले!"

ऋषी वजनकाटा सोडून पायरीवर आला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. भूमिका लाजून म्हणाली, "बाबा, झालं मिनिट. करू बंद?"

"राहू दे जरा," चंपतराव म्हणाले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, स्वच्छ हवा द्या, वेळेवर उघडून पाहा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी एवढंच मागतो. दूरवरून धावत आलेल्याला, मग तो मी असो की संध्याकाळी घरी आलेला तुमचा बाप असो, आल्या आल्या बंद करू नका. मिनिटभर त्याच्याजवळ नुसते बसा.